अण्णा रोज विचारतात, मी रोज हो म्हणते

अगं साताऱ्याच्या लेकी, पत्र वाचून जीव गलबलला. अण्णांना स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पसरलेला, डॉक्टरांनी तुम्हा भावंडांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आता बरं होणं नाही, आणि दादाने घरी येऊन सांगून टाकलं की अल्सर आहे. आता अण्णा रोज विचारतात, दिवाळीपर्यंत ठणठणीत होईन ना, तू हो म्हणतेस आणि बाथरूममध्ये जाऊन रडतेस. वर आत्याने गॅरंटीवाला वैद्य शोधलाय, 80 हजारांचा कोर्स.

वैद्याला सरळ नाही म्हणा. कॅन्सर बरा करतो अशा जाहिरातींवर आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे, तरी धंदा जोरात, कारण समोरचं गिऱ्हाईक नाही म्हणायच्या अवस्थेतच नसतं. आत्यावर चिडू नकोस, तिचा भाऊ आहे तो.

आता तुझं "हो". पहिल्यांदा घाबरून निघालं असेल, त्याचं काही नाही गं. पण मला विचारशील तर अण्णांना कळलंय. वजन उतरतंय, ते खोलीत आले की सगळे गप्प होतात, एवढं आयुष्य काढलेल्या माणसाला समजत नसेल? उत्तर पटलं असतं तर रोज कशाला विचारलं असतं! आणि अल्सरचा पेशंट मृत्युपत्र कशाला करेल, शेताचं आणि आईचं काय ते कशाला बोलेल? तुमच्या धीर देण्यात त्यांची ती वेळ चाललीये, मला खटकतं ते हे.

पुढच्या वेळी हो पण नको आणि नाही पण नको, "अण्णा, तुम्हाला काय वाटतं?" एवढंच विचार आणि गप्प बस. विषय बदलला तर सोडून दे, ऐकायचं नाही हाही त्यांचाच हक्क.

खोटं न बोलता देण्यासारखं पण आहे बरं का. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे पेशंटचं दुखणं-त्रास कमी करणारे उपचार, ही मरणाची तयारी असं लोकांना उगाच वाटतं. अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटवरचा 2010 चा अभ्यास आहे, ज्यांना सुरुवातीपासून ही केअर मिळाली ते उलट सरासरी पावणेतीन महिने जास्त जगले. अण्णांचा आजार वेगळा, तेव्हा महिने मोजू नकोस, पण दुखणं बरंच आटोक्यात आणता येतं हे त्यांना बिनधास्त सांग. मुंबईला टाटामध्ये वेगळा विभाग आहे, पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर आहे, तुला पुणं जवळ. अण्णा खचतील म्हणून दादा अडवेल, तर आधी त्यालाच रिपोर्ट घेऊन तिथे पाठव, असं कसं सांगायचं हे त्या लोकांचं रोजचं काम आहे.