वाचकांचे प्रश्न : डिजिटल पियानो ग्रँडच्या किती जवळ पोचतो?

प्रश्न : माझी लेक ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर शिकली. आता सरांनी पियानो घ्या म्हणून सांगितलं आहे. ग्रँड, म्हणजे तारांचा मोठा आडवा पियानो, आमच्या आवाक्याबाहेर आहे. दुकानदार म्हणतो, आताच्या डिजिटलमध्ये आणि ग्रँडमध्ये काही फरकच राहिला नाही. यावर कितपत विश्वास ठेवायचा? घेताना काय तपासायचं? – एक पालक, जळगाव

उत्तर : हेडफोन लावून ऐकण्यापुरतं दुकानदाराचं म्हणणं बरंचसं खरं आहे. यामाहाच्या डिजिटलमध्ये त्यांच्याच सीएफएक्स या मैफिलीच्या ग्रँडचे, कावाईच्या चांगल्या मॉडेलांत शिगेरू कावाई ग्रँडचे सूर ध्वनिमुद्रित केलेले असतात. एकेक सूर हलक्या, मध्यम, जोरदार अशा अनेक आघातांत घेतलेला असतो. रोलंडच्या काही मॉडेलांत मुद्रित सुराऐवजी तार, हॅमर (तारेवर आपटणारी हातोडी) आणि लाकूड यांचं गणित त्या क्षणी मांडून आवाज तयार होतो. दोन्ही पद्धती आता पक्व झाल्या आहेत. फरक उरतो तो बोटाखाली आणि खोलीत.

आधी बोटाखालचा. ग्रँडमध्ये पट्टी दाबली की हॅमर खालून वर उडतो. तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर तो पट्टीच्या ताब्यातून सुटतो, तारेवर आपटतो आणि स्वतःच्या वजनाने खाली येतो. पट्टी अगदी सावकाश दाबली तर हा सुटण्याचा क्षण बोटाला बारीक अडथळ्यासारखा कळतो. पॅरिसच्या सेबास्तियन एरार यांनी १८२१ मध्ये जी दुहेरी सुटकेची रचना आणली तिच्यामुळे पट्टी पूर्ण वर न येऊ देताच तोच सूर पुन्हा वाजवता येतो. डिजिटलमध्ये हॅमरच्या जागी एक वजन हलतं आणि पट्टीखालचे सेन्सर तिचा वेग मोजतात. दोन सेन्सर असतील तर पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय सूर पुन्हा वाजत नाही. तीन असतील तर अर्ध्यातूनही वाजतो. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा : सेन्सर किती?

दुसरी गोष्ट पट्टीच्या लांबीची, आणि ती माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत. पट्टी ज्या टेकूवर झुलते तो स्वस्त डिजिटलमध्ये पुढच्या कडेपासून फार जवळ असतो, मोठ्या ग्रँडमध्ये बराच आत. काळ्या पट्ट्यांच्या मधोमध, अगदी आतल्या बाजूला पांढरी पट्टी दाबून बघा. तिथे ती दगडासारखी जड लागली तर चार शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे काळ्या पट्ट्या बऱ्याच लागणाऱ्या, रचना वाजवताना मुलीची बोटं अडणार आणि मनगट आवळणार.

वजन मोजायला खिशातली नाणी पुरतात. २०११ नंतरचं दहा रुपयांचं नाणं सुमारे ७.७ ग्रॅमचं असतं. पांढऱ्या पट्टीच्या पुढच्या कडेपासून साधारण एक सेंटीमीटर आत नाण्यांची चळत ठेवा. सहा-सात नाण्यांवर, म्हणजे ५० ग्रॅमच्या आसपास, पट्टी सावकाश खाली बसू लागली तर ती चांगल्या ग्रँडच्या जवळ आहे. नऊ-दहा लागली तर जड. मग चळतीतलं एकेक नाणं काढत जा. तीन नाणी उरली असताना पट्टी ती उचलून वर यायला हवी. यायला आळस करत असेल तर वेगाने वाजवताना ती बोटाच्या मागे राहील. खर्जाच्या टोकाला हीच पट्टी थोडी जड आणि तारसप्तकात हलकी असणं बरोबर आहे, ग्रँडही तशीच असते.

आवाजाच्या तीन परीक्षा हेडफोन लावून करा. एक : मधल्या सीखाली (कीबोर्डच्या मध्यावरचा सी हा सूर) दोन सप्तकं असलेला सी जोरात दाबून धरा, पेडल नको. ग्रँडमध्ये तो अर्ध्या मिनिटापर्यंत हळूहळू रंग बदलत विरतो. स्वस्त वाद्यात काही सेकंदांनी आवाजाचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत असल्याचं कानाला कळतं. दोन : मधले सी, ई, जी आवाज न काढता सावकाश दाबून धरा आणि तोच खालचा सी एकदा जोरात मारून सोडा. खऱ्या पियानोत धरलेल्या तिन्ही पट्ट्यांच्या तारा गुणगुणत राहतात, कारण ते तिन्ही सूर खालच्या सीच्याच उपस्वरांपैकी आहेत. डिजिटलमध्ये काहीच उरलं नाही तर सहकंपनाची सोय नाही किंवा बंद आहे. तीन : एकच सूर अगदी हळूपासून जोरापर्यंत पंधरा-वीस वेळा चढवत न्या. चढताना सुराचा रंग मध्येच उडी मारून बदलला तर आघातांचे थर कमी आहेत.

पेडलही बघा. सोबत येणारा चौकोनी छोटा पेडल बहुतेक वेळा नुसता चालू-बंद असतो. ग्रँडमध्ये डँपर (तारेचा नाद थांबवणारा नमद्याचा तुकडा) तारेला अर्धवट टेकवून जो धूसर नाद मिळतो तो त्यातून येत नाही. वाद्याला अर्ध्या पेडलची सोय असेल तर किती दाबला हे सलग वाचणारा पेडल वेगळा घ्या, खर्च फार नाही. एकाच वेळी किती सूर वाजू शकतात हा आकडा १२८ किंवा अधिक असावा. पेडल दाबून लांब रचना वाजवताना ६४ लवकर संपतात, कारण स्टिरिओ सूर बऱ्याचदा दोन जागा खातो. मग खर्जातला जुना सूर अचानक तुटतो.

पाचशे वाद्यांचे आवाज आणि ताल मिळतात म्हणून पैसे मोजू नका. पैसा पट्टीवर घाला. रोलंडच्या एफपी-१० आणि एफपी-३०एक्स या दोघांची पट्टी एकच आहे, महागाच्या वाद्यात स्पीकर मोठे आणि सोयी जास्त. हेडफोनवरच सराव होणार असेल तर स्वस्तातलं पुरेल. पट्टीच्या बाबतीत ग्रँडच्या सगळ्यात जवळ जातात ती हायब्रिड वाद्यं. यामाहाची अव्हांतग्रँड २००९ पासून आहे, कावाईची नोव्हस त्यानंतरची. त्यांत लाकडी पट्ट्या आणि खरी हॅमरची यंत्रणा असते, फक्त तारा नसतात. पण किंमत लाखांत जाते.

खोलीतला फरक मात्र कोणतंही मॉडेल मिटवत नाही. ग्रँडच्या सव्वादोनशेच्या वर तारा मिळून १८-२० टनांचा ताण ओतीव लोखंडी चौकटीवर असतो, आणि अख्खा लाकडी ध्वनिफलक हलून चहूबाजूंनी हवा ढकलतो. डिजिटलमधले दोन छोटे स्पीकर तसं करू शकत नाहीत. कानाच्या उंचीवर दोन चांगले स्पीकर जोडले तर बरंच साधतं. ब्लूटूथचे हेडफोन किंवा स्पीकर वाजवण्यासाठी नकोत. बोट पडल्यावर सूर उशिरा येतो आणि लय बिघडते. तारेचेच घ्या.

मुलीने सरावात आवाजाचं बटण एकदा ठरवून तिथेच ठेवावं. रात्री कमी करून वाजवायची सवय लागली की ऐकू यावं म्हणून बोट जोर लावतं, आणि पियानोच्या परीक्षेला ग्रँड समोर आली की सगळं कर्कश होतं. पेटी शिकलेल्या मुलांना याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. पेटीत जोर भात्याचा, पियानोत फक्त बोटाचा. परीक्षेआधी नाशिक, पुणे किंवा मुंबईला खऱ्या पियानोवर काही तास तरी मिळवाच. डिजिटलवर कुठपर्यंतची परीक्षा देता येते हे परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या चालू अभ्यासक्रमात वाचून घ्या.

प्रश्न : पाच वर्षांच्या डिजिटल पियानोत तीन पट्ट्या हळू दाबल्या तरी कानठळ्या बसाव्यात इतक्या जोरात वाजतात. एक तर कधी वाजते, कधी नाही. दुरुस्तीवाला बोर्ड बदलायला सांगतो. – विद्यार्थी, धरणगाव

उत्तर : बोर्ड बदलायची घाई करू नका. लक्षणं धुळीची आहेत. पट्टीखाली रबराची टोपी असते, तिच्या आत दोन-तीन काळे ठिपके. पट्टी खाली जाताना ठिपके एकापाठोपाठ बोर्डाला टेकतात आणि त्यांच्यातला वेळ म्हणजे तुमच्या बोटाचा वेग. पहिल्या ठिपक्याखाली धूळ किंवा कापसाचा तंतू आला तर तो उशिरा टेकतो. दोघांतला वेळ घटतो. वाद्याला वाटतं, पट्टी जोरात मारली, म्हणून पूर्ण आवाज देतं. ठिपका टेकलाच नाही तर पट्टी मुकी. आपल्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत जो तंतू उडतो तो नेमका तिथे जाऊन बसतो.

हमीची मुदत संपली असेल तरच उघडा. अडॅप्टर काढून दहा मिनिटं थांबा. वाद्य जाड गोधडीवर पालथं ठेवा, स्क्रू काढताना लांबीप्रमाणे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवा आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो घ्या. पट्ट्या काढताना वंगणाला बोट लावू नका, तिथे धूळ चिकटते. रबराची पट्टी सावकाश ओढून काढा. तिच्या काळ्या ठिपक्यांना काहीही द्रव लावायचं नाही, कोरड्या, तंतू न सुटणाऱ्या कापडाने हलकेच टिपा. बोर्डावरच्या काळ्या जागा ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये ओलसर केलेल्या काडीने पुसा आणि दहा मिनिटं वाळू द्या. घासायचं नाही, काळा थर निघाला तर मात्र खरोखर बोर्डच बदलावा लागतो. रबर बसवताना त्याच्या शेपट्या भोकात पूर्ण ओढल्या गेल्या का बघा. एखादी अर्धवट राहिली तर तीच पट्टी पुन्हा बिघडते. नंतर वाद्यावर सुती चादर टाकत चला, आणि कूलरची हवा थेट त्याच्यावर सोडू नका.

प्रश्न : आमच्या चर्चमध्ये जुना उभा अकौस्टिक, म्हणजे तारांचा, पियानो आहे. दर पावसाळ्यात बेसूर होतो, उन्हाळ्यात काही पट्ट्या खडखडतात. ट्यूनर मुंबईहून बोलवावा लागतो. काही जण म्हणतात, विकून डिजिटल घ्या. – भुसावळ

उत्तर : आधी पियानोचं खरं दुखणं ओळखा, मग ठरवा. मे महिन्यात भुसावळची हवा ४४-४५ अंशांवर अगदी कोरडी होते, त्याच हॉलमध्ये कूलर लावला की तासाभरात दमट. पुढे चार महिने पाऊस. पियानोला हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत लागते, आणि तीही एकसारखी. लाकूड पाणी पिऊन फुगलं की ध्वनिफलक वर उचलला जातो, तारा ताणल्या जातात, मधल्या सप्तकांचा सूर चढतो. सुकलं की तोच उतरतो. कोरड्यात लाकूड आकसतं म्हणून उन्हाळ्यातली खडखड.

ट्यूनर आला की फक्त सूर लावून पाठवू नका, त्याला तीन गोष्टी विचारा. ट्यूनिंगच्या खुंट्या घट्ट आहेत की हाताला सैल लागतात? खुंट्यांच्या ठोकळ्याला तडा आहे का? हॅमरच्या आणि डँपरच्या नमद्याला कसर लागली आहे का? खुंट्या धरत असतील तर पियानो ठेवाच. नमदा बदलता येतो, तडा गेलेला ठोकळा बदलण्याचा खर्च मात्र जुन्या उभ्या पियानोला परवडत नाही. सूर बराच उतरलेला असेल तर एका बैठकीत ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर आणून भागत नाही. ताण वाढला की फलक दबतो आणि आधी लावलेल्या तारा पुन्हा खाली येतात. म्हणून दोन फेऱ्या मारायला सांगा आणि त्यासाठी त्याला पूर्ण दिवस द्या.

तोवर इतकं करा. पियानो पश्चिमेच्या भिंतीला टेकून असेल तर हलवून आतल्या भिंतीला लावा, मागे वीतभर जागा सोडा. शेजारी आर्द्रतामापक टांगा. कूलरचं तोंड दुसरीकडे वळवा. ट्यूनिंग पावसाळा ओसरल्यावर, हवा स्थिरावली की करा. जुलैत केलेलं दिवाळीपर्यंत टिकत नाही. पियानोत पाण्याची वाटी ठेवू नका, सांडली तर लाकूड आणि तारा दोन्ही जातात. मुंबई-पुण्यात आर्द्रता सांभाळणारी विजेची यंत्रणा पियानोत बसवून मिळते. आपल्याकडे फक्त उष्णता देणारी दांडी पुरत नाही, उन्हाळ्यात ओलावा देणारा भागही हवा.

आमचा कल असा : रविवारच्या गायनाला गाणाऱ्यांच्या सोबतीला उभ्या पियानोचा जो भरणा मिळतो तो डिजिटल देत नाही, म्हणून दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो विकू नये. ठोकळा फुटला असेल तर मात्र त्याच्यावर पैसे घालू नका. बेसूर अकौस्टिकपेक्षा सुरातला डिजिटल कितीतरी चांगला, विशेषतः मुलांचे कान तयार होत असताना.

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनात डिजिटल पियानो साउंडवाल्याच्या मिक्सरला जोडला की घरघर येते आणि आवाज पोकळ लागतो. – शिक्षक, अमळनेर

उत्तर : पोकळपणा दोन्ही बाजूंचा आवाज एका वाहिनीत मिसळल्यामुळे येतो. लाइन आउटच्या दोन भोकांपैकी ज्यावर एल/मोनो लिहिलं आहे तेवढ्याच भोकात एक तार लावा, दुसरं रिकामं ठेवा. घरघर बहुधा अर्थिंगची. पियानो आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा, आणि मध्ये डीआय बॉक्स (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी पेटी) घालून त्याचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे तारेतली अर्थिंगची जोडणी तोडणारं, बटण दाबून बघा. मिक्सरच्या प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू देऊ नका, त्यात जिवाला धोका आहे. जनरेटर किंवा स्वस्त इन्व्हर्टरवर कार्यक्रम असेल तर घरघर अडॅप्टरमधूनही येते. अशा वेळी पियानोला वेगळा प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टर द्या. पियानोचा आवाज पाऊण ठेवा, उरलेलं मिक्सरवर वाढवा. आणि वादकासमोर एक मॉनिटर स्पीकर हवाच. नाहीतर स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मुलं पट्ट्या बडवतात.