स्वस्त कॉम्पोनंट टेस्टरवर किती विसंबावे?

प्रश्न : अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी घरीच अ‍ॅम्प्लिफायर आणि पॉवर सप्लाय दुरुस्त करतो. महात्मा गांधी रस्त्यावरून हजार रुपयांच्या आतला, तीन टोकांचा कॉम्पोनंट टेस्टर (सुटा भाग ओळखून मोजणारे उपकरण) आणला. नव्या १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला तो ९१२ दाखवतो आणि १२ व्होल्टच्या झेनरला (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही प्रवाह सोडणाऱ्या डायोडला) साधा डायोड म्हणतो. तो सदोष समजून परत करावा का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आपण सांगितलेल्या दोन्ही गोष्टींत टेस्टरचा दोष दिसत नाही. अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरला छापील मूल्यापासून सहसा २० टक्के कमी-अधिक सूट असते. म्हणजे १००० छापलेला कपॅसिटर ८०० ते १२०० मध्ये कुठेही असला तरी तो चांगलाच. या जातीचे बहुतेक टेस्टर मार्कुस फ्रेयेक यांनी मांडलेल्या आणि कार्ल-हाइन्झ क्युब्बेलर यांनी वाढवलेल्या खुल्या आराखड्यावर बेतलेले असून, त्यांतील मायक्रोकंट्रोलर (मोजणी करणारी चिप) ५ व्होल्टवर चालतो. एवढ्या विद्युतदाबाने १२ व्होल्टचा झेनर उलट दिशेने उघडणारच नाही, म्हणून तो साधा डायोड दिसतो. त्याच कारणाने, ६०० व्होल्टचा मॉस्फेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) येथे निर्दोष ठरला तरी प्रत्यक्ष दाबाखाली तो टिकेल, याची खात्री मिळत नाही.

अचूकता पाहायची असेल तर इलेक्ट्रोलिटिक बाजूला ठेवून १ टक्का सुटीचे १०० ओहम, १० किलोओहम आणि १ मेगओहमचे मेटल फिल्म रेझिस्टर लावून पाहावेत. त्याआधी तिन्ही टोके तारेने जोडून, सोय असल्यास, स्वयंचाचणी करून घ्यावी. फार लहान कॉइलच्या बाबतीत मात्र अपेक्षा ठेवू नये. साधारण १० मायक्रोहेन्रीच्या खाली तो कॉइलला नुसता रेझिस्टर समजतो. तेथे कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर निरनिराळ्या वारंवारितांवर मोजणारा एलसीआर मीटरच हवा.

या उपकरणाची खरी किंमत मला ईएसआरमध्ये, म्हणजे कपॅसिटरच्या अंतर्गत रोधात, वाटते. माझ्याकडे आलेल्या एका पॉवर सप्लायमधला १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा कपॅसिटर वरून जराही फुगलेला नव्हता, साध्या मल्टिमीटरवर ९३० दाखवत होता, आणि तरीही आउटपुटला घरघर होती. सोल्डर सोडवून टेस्टरवर लावला तेव्हा ईएसआर ३.२ ओहम निघाला. त्याच आकाराच्या नव्या कपॅसिटरचा ०.१ ओहमच्या आसपास होता. बदलताच घरघर गेली. एवढ्या एका कामासाठीही मी तो टेस्टर ठेवून घेईन.

मात्र भारित कपॅसिटर त्याला कधीही लावू नये, कारण मायक्रोकंट्रोलर क्षणात जळतो. आपण पॉवर सप्लाय उघडता, त्यात ४०० व्होल्टचा कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही ३०० च्या वर दाब धरून राहू शकतो. टोकांना हात न लावता १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरने तो काही सेकंद उतरवावा, मल्टिमीटरवर शून्य आल्याचे डोळ्यांनी पाहावे आणि मगच तो सोडवून सॉकेटमध्ये बसवावा.