नव्या विश्वस्तास पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. देवस्थानच्या विश्वस्त मंडळावर तुझी निवड एकमताने झाल्याचं कळलं. आनंद आहेच, पण आधी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज, गेला का ते विचार. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे तो ९० दिवसांत द्यावा लागतो. कितीतरी संस्थांच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या त्यांच्या नोंदीच्या उताऱ्यावर, वारलेल्या विश्वस्तांची नावं अजून नांदत असतात.

गावाने तुझ्यावर विश्वास टाकला तो तुझं घराणं, तुझं वागणं बघून. देणगीदाराचं तसं नसतं. अन्नछत्रासाठी दिलेला पैसा अन्नछत्रातच जावा, एवढीच त्याची अपेक्षा. सभामंडपाची फरशी फुटली म्हणून तो तिकडे वळवायचा नाही, काम कितीही चांगलं असो.

आणि तिसरा विश्वास विश्वस्तांचा आपसातला. मला भीती याचीच वाटते. "आपलीच माणसं, पावती कशाला?" हे वाक्य तू लवकरच ऐकशील. कोऱ्या चेकवर सही मागणारा बहुतेक वेळा सज्जनच असतो. त्याला फक्त धावपळ वाचवायची असते. तरी सही करू नकोस. दानपेटी चार गावकऱ्यांसमोर उघडा, मोजणीच्या कागदावर त्यांच्या सह्या घ्या, रक्कम बँकेत भरा आणि मगच खर्चाचं बघा. यात कुणाचा अपमान नाही. उलट उद्या कुणी खजिनदारावर बोट दाखवलं, तर त्या बिचाऱ्याला हाच कागद वाचवेल.

जमिनीच्या बाबतीत तर कुणाच्याच शब्दावर जाऊ नकोस. देवस्थानची जमीन विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांहून जास्त, किंवा बिगरशेती जागा नि इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तरीही लागते. सगळ्या विश्वस्तांनी मिळून ठराव केला तरी यातून सुटका नाही. आणि भाडेकरू तुझ्या नात्यातला निघाला, तर नातं इतिवृत्तात नोंदवून त्या विषयापुरती सभेबाहेर जा.

पहिल्या सभेआधी मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट आणि संस्थेची घटना मागून घे. टाळाटाळ झाली, तर मागणी लेखी दे आणि पोच घे.

तुझा,
काका