हरत असलेला डाव घड्याळाच्या वेळेवर जिंकणं खिलाडूवृत्तीला धरून आहे का?

तुमचा प्रश्न असा: तुमच्या आंतर-सोसायटी बुद्धिबळ लीगमध्ये एक टीम पटावर हरत असताना भराभर चाली करते आणि समोरच्याचा फ्लॅग पाडून, म्हणजे त्याच्या घड्याळातली वेळ संपवून, पूर्ण गुण घेते. नियमात बसत असलं तरी हे चुकीचं आहे, तेव्हा असे डाव समितीने बरोबरीत सोडवावेत असा नियम करावा का? आणि ऑनलाइन फेरीत नेट गेलं तर डाव पुन्हा द्यावा का?

पहिल्याचं उत्तर: करू नका. असा नियम मी जवळून पाहिलाय. कागदावर नव्हता, तोंडी होता. त्याचं काय होतं ते सांगतो.

2018 ची गोष्ट. ठाण्याकडच्या आमच्या भागात आठ सोसायट्यांची लीग होती. चार पट, एकेकाला पंधरा मिनिटं, इन्क्रिमेंट (चालीमागे मिळणारे वाढीव सेकंद) नाही. घड्याळं डिजिटल होती, इन्क्रिमेंट लावता आलं असतं. पण हॉल रात्री नऊला रिकामा करून द्यायचा असायचा, म्हणून समितीने साधी पंधरा मिनिटं ठरवली. नियमांचं पत्रक म्हणजे एकच कागद. त्यात शेवटून दुसरी ओळ 'सर्वांनी खिलाडूवृत्तीने खेळावे' आणि शेवटची 'वादाच्या प्रसंगी समितीचा निर्णय अंतिम राहील'. या दोन ओळी एकाखाली एक आल्या की काय होतं, ते मला त्या वर्षी कळलं.

मी आमच्या टीमचा कॅप्टन होतो. चौथ्या पटावर आमच्या बिल्डिंगमधली सातवीतली मुलगी. समोर एक निवृत्त शिक्षक. त्यांना सगळे सर म्हणतात, मीही म्हणतो. आमच्या भागातल्या निम्म्या मुलांना पहिल्यांदा घोडा कसा चालतो ते त्यांनी दाखवलंय. बाकीचे तीन डाव संपले होते आणि सामना दीड-दीड असा अडला होता. शेवटच्या डावात सरांकडे हत्ती आणि दोन प्यादी, मुलीकडे घोडा आणि एक प्यादं. पटावर सर जिंकत होते, यात वाद नाही. पण त्यांच्याकडे चाळीस सेकंद आणि हिच्याकडे मिनिटाच्या वर.

ती घोड्याने शह देत राहिली. सर राजा बाजूला घेत राहिले. अशाच एका चालीत सरांची बाही हत्तीला लागली आणि हत्ती आडवा होऊन टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळला. सरांनी घाईत तसंच घड्याळ दाबलं. आता हिचा वेळ चालू. नियम सांगतो की ज्याने मोहरं पाडलं त्यानेच ते स्वतःच्या वेळात जागेवर ठेवायचं. ती घड्याळ थांबवून पंचांना बोलावू शकली असती. तिने तसं केलं नाही. हत्ती उचलला, त्याच्या घरात नीट मधोमध ठेवला, सरांकडे एकदा पाहिलं आणि मग आपली चाल केली. मी तिच्या मागे उभा होतो, नजर घड्याळावर होती. एकोणीसचे तेरा झाले. सहा सेकंद तिने सरांच्या हत्तीसाठी दिले. सरांचं घड्याळ शून्यावर आलं तेव्हा तिच्याकडे चार उरले होते.

सरांनी हात पुढे केला, "छान खेळलीस" म्हणाले आणि निकालाच्या चिठ्ठीवर सही करून तोंड धुवायला गेले. डाव तिथे संपला होता.

मग लीगचे सचिव आले. ते सरांच्याच सोसायटीच्या टीमचे, हेही सांगायला हवं. म्हणाले, हरलेला डाव होता, लहान मुलीला असं जिंकायला शिकवू नका, सरांच्या वयाचा मान ठेवा. पंच कॉलेजात शिकणारा मुलगा होता, त्याने स्पष्ट सांगितलं की प्यादं पटावर आहे, मात शक्य आहे, म्हणजे फ्लॅग पडला की डाव गेला. त्याला बाजूला बसवलं. चहाच्या टेबलापाशी समितीची पाच मिनिटांची बैठक झाली आणि 'खिलाडूवृत्तीच्या दृष्टीने' डाव बरोबरीत सोडवायचं ठरलं. दोन्ही बाजूंची संमती हवी म्हणून नवी चिठ्ठी केली. मला म्हणाले, कॅप्टन म्हणून तुम्ही मोठेपणा दाखवा.

मी सही केली. आठ वर्षांनंतरही ती मला सलते. मुलीला बोलावलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "काका, कुठे करू?" मी बोट ठेवून जागा दाखवली.

सामना दोन-दोन झाला, आम्ही अर्ध्या गुणाने उपांत्य फेरीला मुकलो. ते मी विसरलो असतो. पण पुढच्या वर्षी त्याच हॉलमध्ये सचिवांच्या टीमच्या एका खेळाडूने वजीर कमी असताना समोरच्याला वेळेवर हरवलं. समोरच्या कॅप्टनने आदल्या वर्षीचा दाखला दिला. सचिवांचं उत्तर होतं, "नियम म्हणजे नियम. वेळ हासुद्धा खेळाचाच भाग आहे." मी उभं राहून विचारलं की मागच्या वर्षी नव्हता का? तर म्हणे ते प्रकरण वेगळं होतं. समितीच्या हातात 'वेगळं प्रकरण' ठरवण्याची मुभा दिली की वेगळेपण नेहमी त्यांच्याच टीमच्या बाजूला सापडतं.

म्हणून माझं मत ठाम आहे. मोठेपणा खेळाडूने दाखवायचा, आणि तोही घड्याळ चालू असताना. समोरच्याची स्थिती चांगली आहे, तो केवळ वेळेमुळे अडकलाय असं वाटलं तर बरोबरी देऊ करा, नियम कुणालाच अडवत नाही. आमच्या मुलीने हत्ती उचलून ठेवला तो मोठेपणा होता, आणि तो त्या बैठकीत कुणी विचारातसुद्धा घेतला नाही. डाव संपल्यावर तिसऱ्याने दुसऱ्याच्या खिशातून काढून दिलेल्या गुणाला मी खिलाडूवृत्ती म्हणणार नाही. 'दोघांची संमती होती' हेही मला सांगू नका. 2023 च्या डिसेंबरात समरकंदच्या जागतिक ब्लिट्झ (अगदी झटपट डावांच्या) स्पर्धेत दुबोव आणि नेपोम्नियाची या ग्रँडमास्टरांनी आपसांत ठरवून घोडे नाचवत बरोबरी केली होती. त्यांचीही एकमेकांना संमती होतीच. निकाल रद्द करून दोघांना शून्य दिलं गेलं.

आणि हा मोठेपणा नेहमी लहानाकडूनच मागितला जातो. 1994 साली स्पेनमधल्या लिनारेसच्या स्पर्धेत हंगेरीची सतरा वर्षांची जुडिथ पोल्गार विश्वविजेत्या कास्पारोवसमोर बसली होती. कास्पारोवने घोडा ठेवला, बोटं सुटली, मग चूक लक्षात येऊन घोडा दुसऱ्याच घरात नेला. बोटं सुटलेली टीव्हीच्या कॅमेऱ्यात दिसतात. तिने पटावर तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या स्पर्धेत आलेल्या सतरा वर्षांच्या मुलीने कुणाविरुद्ध हात वर करायचा होता? मोहरं ठेवून हात सोडला की चाल पक्की, हे आपण पहिलीतल्या पोरालाही शिकवतो.

आता तुमच्या कामाचं. इन्क्रिमेंट नसलेल्या डावात असा प्रसंग येणार हे फिडेलाही (जागतिक बुद्धिबळ संघटनेलाही) ठाऊक आहे, म्हणून त्यांच्या नियमांना जोडलेल्या मार्गदर्शक सूचनांत त्याची तरतूद आहे. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरलेला खेळाडू, आपली चाल असताना, दोघांनाही चालीमागे पाच-पाच सेकंद वाढीव लावा अशी मागणी करू शकतो. ही मागणी म्हणजेच बरोबरीचा प्रस्ताव धरतात. समोरच्याने तो नाकारला आणि पंचांना मागणी पटली, तर घड्याळ तसं लावून समोरच्याला दोन मिनिटं जास्त देतात आणि डाव पुढे चालतो. पण या सूचना वापरणार असल्याचं स्पर्धेच्या आधी जाहीर केलेलं असावं लागतं. ब्लिट्झला त्या लागू नाहीत. आमच्या पत्रकात ही एक ओळ असती तर सरांना त्यांचा हक्क सन्मानाने मागता आला असता आणि मुलीला दोन मिनिटं मिळाली असती. वयामुळे किंवा हात थरथरत असल्यामुळे कुणाला घड्याळ दाबता येत नसेल, तर पंचांना मान्य असलेला मदतनीस घेण्याचीही सोय नियमात आहे. सरांसाठी कुणाला खरोखर कळकळ होती, तर ही सोय आधी करायची होती.

ऑनलाइन फेऱ्यांचं म्हणाल तर आधी कोणत्या साइटवर खेळता ते बघा, कारण फ्लॅग पडल्यावरचा निकाल लिचेस आणि चेस डॉट कॉम या दोन्हीकडे सारखा नाही. समोर हत्ती असताना तुमच्याकडे राजा आणि एकटा घोडा उरला असेल आणि समोरच्याची वेळ संपली, तर लिचेस तुम्हाला विजय देतं, कारण फिडेच्या नियमाप्रमाणे कोणत्याही वैध चालींनी मात शक्य असली तरी पुरते. चेस डॉट कॉम तिथे बरोबरी देतं. अर्धी लीग एका साइटवर आणि अर्धी दुसरीवर खेळवणार असाल तर भांडण तुम्हीच घरी आणताय.

नेट गेलं तर? माझ्या मते घड्याळ चालू राहावं आणि ज्याचं नेट गेलं त्याचा डाव जावा. मोबाइलचा डेटा तयार ठेवणं ही त्याची जबाबदारी. हे कठोर वाटेल, पण 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये काय झालं ते आठवा. उपांत्यपूर्व फेरीत आपल्या निहाल सरीनविरुद्ध खेळताना आर्मेनियाच्या खेळाडूचा संपर्क तुटला आणि तो वेळेवर हरला. त्यांचं अपील फेटाळलं, ते स्पर्धा सोडून निघून गेले. मग 30 ऑगस्टला रशियाविरुद्ध अंतिम सामन्यात निहाल आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचा संपर्क तुटला, आपण अपील केलं, आणि फिडेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. त्या दिवशी जगभर इंटरनेटचा मोठा गोंधळ झाला होता, हे खरं आहे. दिव्या आणि निहाल यांचा काडीचाही दोष नव्हता. मलाही त्या रात्री आनंद झाला. पण आर्मेनियाच्या कॅप्टनच्या जागी मी स्वतःला ठेवून पाहिलं आणि मला तो चहाच्या टेबलापाशीचा कागद आठवला.

आमच्या टीमचा अर्धा गुण गेला म्हणून मी हे बोलतोय असं कुणाला वाटेल. वाटू दे. सरांबद्दल माझ्या मनात काहीही नाही, त्यांनी त्या दिवशी एक शब्दही मागितला नव्हता. मुलीने पुढच्या वर्षी नाव दिलं नाही. आठवीचे क्लास होते, बॅडमिंटनही सुरू झालं होतं, तेव्हा सगळं त्या चिठ्ठीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. अगदी लहान मुलांच्या स्पर्धेत पंचाने थोडं सांभाळून घ्यावं, हेही मला मान्य आहे. मात्र ते सांभाळणंही दोन्ही बाजूंना सारखं हवं.

तुमचं मूळ दुखणं दहा मिनिटं अधिक तीन सेकंद लावलं तर बहुतेक जाईल. चालीमागे तीन सेकंद मिळाले की हत्ती आणि दोन प्याद्यांनी जिंकणाऱ्याला जिंकता येतं. हॉलची वेळ आडवी येते असं समिती म्हणेल, म्हणून हिशोब देतो. साध्या पंधरा मिनिटांचा डाव दोघांचा मिळून जास्तीत जास्त तीस मिनिटं चालतो. दहा अधिक तीनमध्ये साठ चालींचा डाव झाला तर एकेकाला तेरा, म्हणजे मिळून सव्वीस मिनिटं. शंभर चाली झाल्या तरी एकेकाला पंधरा, मिळून तीसच. हा हिशोब मी सरांच्या त्या सामन्याच्या रविवारी रात्रीच सचिवांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. तुम्ही तो जसाच्या तसा तुमच्या ग्रुपवर टाका, पुढची फेरी सुरू व्हायच्या आत.