१५००डीवर फ्लॅश पडत नाही? आधी शूमधली टिकली बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की कॅनन १५००डी आहे, बजेट सहा हजार, हिंगोलीकडं लग्नं-बारशी करता, कॅमेऱ्याच्याच कंपनीचा नवा फ्लॅश परवडत नाही, तर दुसऱ्या कंपनीचा कोणता घेऊ. वर बऱ्याच जणांनी मॉडेलची नावं दिलीत. पण तुमच्या पोस्टच्या शेवटी एक ओळ आहे, तिच्याकडं कुणी बघितलंच नाही. मित्राचा मॅन्युअल फ्लॅश (ज्याची ताकद हातानंच ठरवावी लागते तो) लावून बघितला, त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबलं की पडतो, शटर दाबलं की पडत नाही, कॅमेरा बिघडलाय का? हाच प्रश्न घेऊन मी २०१९ चा अख्खा उन्हाळा फिरलोय.

कॅमेरा बिघडलेला नाही. मित्राचा फ्लॅशही बिघडलेला नाही. आणि कृपा करून कुठंही दुरुस्तीला टाकू नका.

आता फ्लॅश काढा आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरची ती पट्टी, हॉट शू, मोबाइलची बॅटरी लावून वरून बघा. चार बारीक ठिपके दिसतील. कॅननच्या बहुतेक डीएसएलआरमध्ये त्या चारांच्या जोडीला बरोबर मधोमध एक मोठा गोल ठिपका असतो, बाईच्या कपाळावरच्या टिकलीसारखा. शटर उघडलं की फ्लॅशला ‘पड’ म्हणून सांगणारा तोच. १५००डीमध्ये ती टिकलीच नाही. तिथं नुसतं काळं प्लॅस्टिक आहे. ३०००डी आणि २००डी मार्क टू यांचंही तेच. स्वस्तातल्या मॅन्युअल फ्लॅशला खाली एकच पिन असते आणि ती टिकलीवरच टेकते. टिकली नाही म्हटल्यावर त्याला निरोप मिळणार कसा? टेस्टच्या बटणाला कॅमेऱ्याची गरज नसते, म्हणून तेवढं चालतं.

झालं, एवढंच. पण एवढं कळायला मला दोन महिने आणि एक लग्न लागलं.

मी सेलूचा. मार्चमध्ये १५००डी घेतला होता, फ्लॅश घ्यायला संभाजीनगरला गेलो, तेव्हा औरंगाबादच होतं ते. गाडीला गर्दी, म्हणून कॅमेरा घरी ठेवून गेलो. माझी सगळ्यात मोठी चूक ती. दुकानदारानं त्याच्याकडच्या जुन्या कॅमेऱ्यावर फ्लॅश चढवून दाखवला, पाच वेळा पाडला, डोळे दिपले, मी ३,२०० रुपये मोजले. माझा कॅमेरा कोणता हे त्यानं विचारलंही होतं. मी १५००डी म्हटलं, त्यावर तो म्हणाला, ‘‘सगळ्या कॅननला चालतो.’’ माझाही विश्वास बसला. दुसऱ्या दिवशी जिंतूर तालुक्यात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. घरी गेल्यावर मी टेस्टचं बटण दाबून बघितलं, पडला, बॅगेत टाकला.

पुढचं सांगायलाही नको वाटतं. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चालू, पोरं टाचा उंचावून अक्षता टाकायलेत, आणि मी शटर दाबतोय तर डोक्यावरचा फ्लॅश ढिम्म. सेल बदलले. पिन शर्टाच्या टोकानं पुसली. एका पोराकडून खोडरबर मागून घेतलं आणि शू घासला. शेवटी नवरीचे मामा सगळ्यांदेखत म्हणाले, ‘‘भाऊ, फोटो काढायलाव का कॅमेरा धुवायलाव?’’ फ्लॅश काढून कॅमेऱ्यातलाच छोटा पॉपअप फ्लॅश उघडेपर्यंत ‘सावधान’ होऊन गेलं होतं. त्या मिनिटभराच्या फोटोंत नवरीचा चेहरा काळा, नंतरच्या पॉपअपच्या फोटोंत डोळे लाल, मागच्या मंडपाचा पत्ताच नाही. बारा हजार ठरले होते, आठ हातात पडले, आणि तेही माझ्याकडं न बघता दिले.

परत दुकानात गेलो. माल परत होत नाही, बिघाड तुमच्या कॅमेऱ्यात आहे, म्हणाले. मला ते पटलं, याचा राग अजून जात नाही. मग सगळ्या कंपन्यांचे कॅमेरे घेणाऱ्या एका दुरुस्तीच्या ठिकाणी गेलो. नाव सांगणार नाही, मेसेजमध्येही विचारू नका. काउंटरवरच्या पोरानं कॅमेरा उलटासुलटा करून न बघता पावती फाडली : ‘फ्लॅश सर्किट तपासणी’. आठ दिवसांनी या. आठ दिवसांनी गेलो, तर साहेब रजेवर. पुढच्या खेपेला म्हणाले, बोर्ड बदलावा लागेल, पाच-साडेपाच हजार होतील. मी नाही म्हटलं तर तपासणीचे साडेआठशे घेतले आणि एकोणीस दिवसांनी कॅमेरा जसाच्या तसा परत. पावतीवर काय लिहिलं होतं? ‘दोष आढळला नाही’. मग बोर्ड कशाचा बदलणार होतात बाबा? तीन खेपा, जालन्यापर्यंत उभ्यानं प्रवास, लग्नसराईतल्या दोन तारखा सोडल्या, आणि एवढ्या दिवसांत त्या ठिकाणच्या एकाही माणसानं शूत डोकावून बघितलं नाही.

सांगितलं कुणी, तर तिथंच मागं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिरानं. तो बाहेर टपरीवर चहा पीत होता, मी तणतणत बाहेर आलो. ‘‘काय झालं?’’ म्हणाला. सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा हातात घेतला, अंगठा शूवरून एकदा फिरवला आणि म्हणाला, ‘‘टिकलीच नाही की हिला.’’ टिकली हा शब्द त्याचाच. चहाचे पैसेही त्यानं देऊ दिले नाहीत.

बरं, ही गोष्ट कंपनीनं लपवून ठेवली होती असं मी म्हणत नाही. परदेशातल्या लोकांनी त्याच सुमारास यावर आरडाओरडा केला होता, मी वाचलं नव्हतं एवढंच.

आता तुम्ही काय घ्यायचं. माझी मतं आहेत, मी कुणाचा एजंट नाही, आणि माझ्या सांगण्यावरून पैसे गेले तर माझ्याकडं येऊ नका.

१५००डी ठेवायचा असेल तर मॅन्युअल फ्लॅशचा विचारच सोडा. योंगनुओ ५६० मालिका, गोडॉक्सचा टीटी६००, वर ज्यांनी ही नावं दिलीत ती चुकीची नाहीत, फ्लॅश म्हणून चांगलेच आहेत, पण तुमच्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर ते मुके. तुम्हाला कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅश लागेल, म्हणजे लेन्समधून आलेला उजेड मोजून ताकद आपोआप ठरते तो, जो उरलेल्या चार ठिपक्यांवरून कॅमेऱ्याशी बोलतो. तिसऱ्या कंपनीचे सगळे टीटीएलही या कॅमेऱ्याशी नीट बोलतात असं नाही. गोडॉक्सनं अशा बिनटिकलीच्या कॅमेऱ्यांसाठी काही टीटीएल फ्लॅशचं आणि ट्रिगरचं (दुरून फ्लॅश पाडायच्या यंत्राचं) फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, सुधारून दिलं, त्यामुळं दुकानात पडून राहिलेला जुना पीस असेल तर आधी यूएसबीनं अपडेट करावा लागू शकतो. दुकानदाराला तिथंच करून द्यायला सांगा. तो कां कू करायला लागला की दुकान बदला.

सहा हजारांत नवा टीटीएल बसवायला जरा ओढाताण होईल. खरं सांगू का, मी तुमच्या जागी असतो तर कॅननचाच जुना ४३०ईएक्स टू कुणाकडून वापरलेला घेतला असता. तुम्ही तिसऱ्या कंपनीचा विचारलाय, मला माहीत आहे. पण १५००डीवर तो टिकलीची भानगड न ठेवता चालतो आणि लग्नाला ताकद पुरते. घेताना डोकं सगळ्या बाजूंना फिरवून बघा, समोरची काच पिवळी-काळी पडलीय का बघा, आणि पूर्ण ताकदीवर वीसेक वेळा पाडा. दोन फ्लॅशमधला वेळ वाढतच गेला आणि सेल मात्र नवे असतील, तर राहू द्या.

मॅन्युअल आधीच घेऊन बसलेल्यांसाठी : तो फेकू नका. बहुतेकांत एस१ आणि एस२ असे मोड असतात. फ्लॅश एस२ वर टाकून स्टँडवर किंवा भाच्याच्या हातात द्या आणि कॅमेऱ्याचा पॉपअप उघडा. पॉपअपचा उजेड बघून तो पडतो. एस१ नको, कारण टीटीएलचा पॉपअप आधी एक बारीक चमक मारतो आणि एस१ त्या चमकेलाच फसतो. मी माझा तसाच दोन वर्षं वापरला. भर उन्हात भरवसा नाही, आणि मांडवात दुसरा कुणी फ्लॅश मारत असेल तर तुमचा त्याच्याही तालावर नाचतो.

कॅमेरा पुढंमागं बदलणार असाल, निकॉन डी३५०० वगैरे, तर त्यात टिकली आहे, मग मॅन्युअलसारखं स्वस्त आणि टिकाऊ काही नाही. उलट कॅननचा नवा आर५० घेतलात तर शूच वेगळी, जुन्या फ्लॅशला मध्ये अ‍ॅडॉप्टर लागतं. सोनीची भानगड आणखी निराळी. म्हणून सांगतो, फ्लॅश आधी आणि कॅमेरा मग असं करू नका.

डब्यावरच्या गाइड नंबरला, म्हणजे फ्लॅशची ताकद सांगणाऱ्या आकड्याला, भुलू नका. ६० लिहिलेलं असतं, पण तो आकडा बहुतेक वेळा १०५ किंवा २०० मिमीपर्यंत झूम केलेल्या डोक्याचा असतो. तुम्ही लग्नात १८-५५ मिमीच्या लेन्सवर काम करणार. हिशेब असा धरा : आयएसओ (कॅमेरा उजेड किती पटकन टिपतो तो आकडा) १०० ला खरा गाइड नंबर ३२ असेल तर लेन्स एफ/४ एवढी उघडल्यावर उजेड आठ मीटर पोचतो. आयएसओ ४०० केलात की सोळा. म्हणजे आयएसओ वाढवायला लाजू नका. शटर मात्र १/२०० च्या वर नेऊ नका, फोटोच्या कडेला काळा पट्टा येतो.

छतावर उजेड मारून खाली आणायचा, असं सगळे शिकवतात. आपल्याकडं छत कुठंय? कार्यालयं पत्र्याची आणि उंच, मांडवाचं कापड लाल नाहीतर गर्द जांभळं. लाल कापडावर उजेड मारलात तर हळदीची नवरी कुंकवात बुडवून काढल्यासारखी दिसते. मी बस्त्याच्या साडीच्या खोक्याचा आतून पांढरा पुठ्ठा कापून फ्लॅशच्या मागं रबरानं बांधतो, डोकं वर करतो. फुकटातलं आहे, पण विकतच्या प्लॅस्टिकच्या टोपीपेक्षा मला तेच बरं वाटतं.

सेल रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइडचेच घ्या, चार-चारचे दोन संच, आणि संच एकमेकांत मिसळू नका. मेमध्ये गाडीत ठेवू नका. फ्लॅश कपाटात जाताना सेल बाहेर. माझ्या एका फ्लॅशमध्ये ते फुटून आतला स्प्रिंग हिरवा झालाय. आणि काकांच्या रोलच्या जमान्यातला फ्लॅश घरात सापडला म्हणून डिजिटलवर चढवू नका. त्यातल्या काहींच्या पिनेवर दोनशे व्होल्टच्या वर दाब असतो, सगळे कॅमेरे तो सोसत नाहीत.

तर आज एवढं करा. मित्राचा फ्लॅश त्याला परत द्या, त्याच्या कॅमेऱ्यावर तो पडतोय का ते बघून द्या, म्हणजे उद्या तुमच्यावर नाव नको. तुमच्या शूचा वरून फोटो काढून इथं टाका. त्यात टिकली दिसली तर माझं निदान चुकलं, मग पुढचं बघू. आणि दुकानात जाताना गाडीला कितीही गर्दी असो, कॅमेरा गळ्यात अडकवूनच जा.