लाळग्रंथीच्या कॅन्सरच्या रिपोर्टमध्ये ‘टीपी५३ म्युटेशन’ लिहिलंय, म्हणजे नेमकं काय?

टीपी५३ हे पेशीचं ब्रेक लावणारं जनुक, १७व्या गुणसूत्रावरचं. डीएनए बिघडला की त्याचं पी५३ प्रथिन पेशीचं विभाजन थांबवतं, नाहीतर पेशीला मरायला लावतं. म्युटेशनने, म्हणजे जनुकातल्या बदलाने, तो ब्रेक निकामी होतो.

पण लाळग्रंथीचे कॅन्सर सगळे एका माळेचे मणी नाहीत. सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा या आक्रमक प्रकारात हे म्युटेशन अनेकदा दिसतं; वर्षानुवर्षं कानाखाली असलेली साधी गाठ अचानक वाढून कॅन्सर होते, तिथेही बऱ्याचदा. अ‍ॅडिनॉइड सिस्टिक या प्रकारात मात्र क्वचित, तिथला खरा खलनायक एमवायबी जनुक.

गंमत म्हणजे बिघडलेलं पी५३ बहुतेकदा पेशीत साचतं, म्हणून पी५३ शोधणाऱ्या खास रंगचाचणीत स्लाइडवर पेशींची केंद्रकं गडद तपकिरी दिसतात. औषध ठरवताना डॉक्टरांना एचईआर२ (पेशीला वाढीचा इशारा देणारं प्रथिन) आणि अँड्रोजन रिसेप्टर (पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देणारं प्रथिन) यांबद्दल जरूर विचारा.