‘मॅडम, मी लोकांच्या मागे लागतो का?’

“फोन लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. समोरच्याला वाटत असणार, आला पुन्हा गळ्यात पडायला.” विक्रीच्या नोकरीतली मुलं माझ्याकडे बहुधा हेच घेऊन येतात. बडोद्याच्या दांडिया बाजारातला हा तरुण इंजिनिअरही (ओळखीचे तपशील बदलले आहेत) त्यातलाच. मकरपुरा जीआयडीसी या तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांना एअर कॉम्प्रेसरच्या (मशीनांना दाबाखालची हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या) देखभालीचे वार्षिक करार विकायचे, हे त्याचं काम. आपल्यात आत्मविश्वास कमी आहे, हे निदान तो स्वतःच करून आला होता.

मी त्याला पाठवलेले मेसेज वाचायला सांगितले. ‘केम छो शेठ, मजामा?’ मग कंपनीची स्तुती. मग ‘ऑफर उद्या संपते’. ऑफर उद्या संपत नव्हती. दोन दिवसांनी ‘मेसेज पाहिलात का?’, आठवड्याने पुन्हा तेच. नाव बदललं की तोच मजकूर कुणालाही चालला असता, आणि तसा तो चालवतही होता.

मला त्याची बोचणी खरी वाटली, म्हणून आत्मविश्वास वाढवण्याचे व्यायाम बाजूला ठेवले. नसलेली आपुलकी दाखवताना माणूस आक्रसतो, आणि ते आवाजात उतरतं. व्यापाऱ्याला तर ते सगळ्यांत आधी कळतं.

निवडीच्या स्वातंत्र्यावर दडपण आलं की माणूस अडून बसतो, असं मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 मध्ये मांडलं. 2000 साली फ्रान्समध्ये गेगेन आणि पास्कुआल यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अनोळखी लोकांकडे बसभाड्यासाठी पैसे मागितले होते. नुसते मागितल्यावर 10 टक्के लोकांनी दिले. ‘द्यायचे की नाही, तुमची मर्जी’ एवढं जोडल्यावर 47.5 टक्क्यांनी. हे ऐकून पठ्ठ्या म्हणाला, “मग हे वाक्य प्रत्येक मेसेजखाली टाकतो!” मी म्हटलं, “नकारानंतर चौथ्या दिवशी पुन्हा फोन करणार असाल, तर मर्जी कसली?”

मग विचारलं, करार राहू द्या, या लोकांना सांगण्यासारखं तुमच्याकडे काय आहे? तो खुर्चीत सरसावला. “हवेची गळती! जेवणाच्या सुट्टीत सगळी मशीनं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा. हवा कुणी वापरत नसताना तो परत परत लोड घेत असेल, म्हणजे हवा भरायला लागत असेल, तर हवेची पाइपलाइन गळतेय. देखभाल नसलेल्या लाइनीत 20 ते 30 टक्के हवा अशीच जाते, आणि भुर्दंड वीजबिलात.” या वेळी आवाजात अडखळणं नव्हतं.

त्यातूनच नवा मजकूर निघाला. गुजरातीत पाठवलेल्या त्या मेसेजचा आशय असा: ‘तुमच्या शेजारच्या युनिटमध्ये आलो होतो, तेव्हा तुमच्या लाइनीतून हवेचा आवाज ऐकू आला. सुट्टीत ही चाचणी करून पाहा, त्यासाठी माझी गरज नाही. मदत लागली तर कळवा. नको असेल तर ‘ना’ लिहा, मी पुन्हा लिहिणार नाही.’ ज्याच्याबद्दल असं काही सांगता येत नाही, त्याला मेसेजच नाही, असं ठरलं.

‘ना’ बरेच आले. त्याला नवल याचं वाटलं, की ‘ना’ वाचून हलकं वाटतं. एका शेठनी चाचणी केली, स्वतःच्या फिटरकडून गळती बुजवून घेतली, आभार मानले आणि करार काही दिला नाही. त्याचे साहेब त्यावर, आणि मेसेजचा आकडा घसरल्यावरही, नाराज होते. पुढची बैठक त्या बोलण्याच्या तयारीत गेली: किती मेसेज गेले याऐवजी किती कारखान्यांत चाचणी झाली, हे मोजायला साहेबांना कसं राजी करायचं.